मांडव शेवटी सुटतो

रात्री अकराच्या सुमाराला मी एका छोट्या सर्व्हरला बंद व्हायची आज्ञा दिली आणि खुर्ची मागे सारून उठलो. एरवी हा पडदा दहा-पंधरा सेकंदांत काळा होतो. त्या रात्री एकेक सेवा थांबल्याच्या ओळी सरसर वर गेल्या आणि मग एका ओळीवर सगळं थबकलं. डावीकडे तांबड्या चांदण्या इकडून तिकडे सरकत होत्या, उजवीकडे सेकंद वाढत होते. दोन मिनिटं भरली आणि कर्नलने एकामागून एक तक्रारी लिहायला सुरुवात केली. जोडणी तुटली. डिस्कवर लिहिता येत नाही. जर्नल अर्धवट सुटलं.

त्या मशीनची डेटाची डिस्क त्याच्या पोटात नव्हती. ती दोन खोल्या पलीकडच्या दुसऱ्या मशीनमध्ये होती आणि नेटवर्कवरून इथे दिसत होती. बंद होताना मशीनने आधी नेटवर्क उतरवलं आणि मग मेमरीत साठलेलं शेवटचं लिखाण त्या डिस्ककडे पाठवायला घेतलं. तोवर वाट उरली नव्हती. केबल चांगली होती, डिस्क चांगली होती, स्विचही चांगला होता. चुकली होती ती साठ-सत्तर ओळींची एक स्क्रिप्ट, आणि ती मीच हाताने लिहून तिथे ठेवली होती. सेवा कधी सुरू करायची ते तिच्यात व्यवस्थित होतं. कधी थांबवायची ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी स्क्रिप्ट काढून टाकली, डेबियन या लिनक्स वितरणाचं तयार पॅकेज घेतलं आणि त्यातल्या स्क्रिप्टा पहिल्यांदाच ओळीओळीने वाचल्या. या प्रकरणात सांगायचं आहे ते तिथे वाचलेलं. पॅकेज बांधणाऱ्या माणसांची नावं सहसा कुणाला ठाऊक नसतात. त्यांच्या कामाचा मोठा भाग सेवा थांबवण्याचा, बदलण्याचा आणि काढून टाकण्याचा असतो. सुरू करणं हा त्यातला सोपा भाग.

आधी ही लांबची डिस्क म्हणजे काय ते पाहू. संगणकाने डिस्कशी कसं बोलायचं याची एक जुनी भाषा आहे, स्कझी. १९८६ साली ती अमेरिकी मानक म्हणून मंजूर झाली. अमुक क्रमांकाचा ठोकळा वाच, तमुक ठोकळा लिही, अशा तिच्या आज्ञा. त्या जाड, चपट्या केबलीतून जात आणि केबलीची लांबी काही मीटरांत संपे. पुढे कार्यालयाकार्यालयांत इथरनेट पसरलं, तेव्हा याच आज्ञा साध्या टीसीपी जोडणीत भरून पाठवाव्यात अशी कल्पना निघाली. त्यातून आयस्कझी हा प्रोटोकॉल झाला. त्याचं मानक, आरएफसी ३७२०, एप्रिल २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. डिस्क देणाऱ्या बाजूला टार्गेट म्हणतात, मागणाऱ्या बाजूला इनिशिएटर. टार्गेट ३२६० क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसतं.

एनएफएस किंवा सांबा वापरताना लांबचं मशीन आपल्याला फाईल देतं. आयस्कझीत ते कोरी डिस्क देतं. त्या डिस्कवर फाईल सिस्टीम कोणती आणि कुठल्या फाईलचे ठोकळे कुठे, हे सगळं आपलं मशीन ठरवतं. आपल्या मशीनला ती घरचीच डिस्क वाटते आणि धोका इथेच आहे. घरच्या डिस्कची केबल कुणी मध्येच उपटत नाही, म्हणून तिच्यावरची फाईल सिस्टीम निर्धास्त असते. नेटवर्कवरच्या डिस्कला तो निर्धास्तपणा आपोआप मिळत नाही. तो बूट आणि शटडाउनच्या स्क्रिप्टांनी मिळवून द्यावा लागतो.

लिनक्सवर इनिशिएटरचं काम ओपन-आयस्कझी नावाचा प्रकल्प करतो. अ‍ॅलेक्स ऐझमन आणि दिमित्री युसुपॉव्ह या दोघांनी तो सुरू केला आणि त्याची रचना मला फार शहाणपणाची वाटते. प्रत्यक्ष वाचन-लेखन कर्नलमध्ये होतं. लॉगिन करणं, जोडणी तुटली तर पुन्हा जोडणं, अशी वरकामं आयस्कझीडी नावाचा डेमन, म्हणजे पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्रॅम, करतो. म्हणजे हा डेमन क्षणभर थांबला तरी डिस्क चालू राहते. मात्र त्याच क्षणी नेटवर्क तुटलं, तर पुन्हा जोडून द्यायला कुणी नसतं. जोडणी तुटल्यावर कर्नल किती वेळ वाट पाहील ही एक सेटिंग आहे आणि तिचं मूळ मूल्य १२० सेकंद आहे. त्या रात्री पडद्यावर मोजली गेली ती हीच दोन मिनिटं. कर्नल शब्द पाळत होता. ज्या वाटेवर तो डोळे लावून बसला होता ती माझ्या स्क्रिप्टने मोडली होती.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. आधी मांडव उभा राहतो, मग वाढपी तयार होतात, मग पानं मांडली जातात, मग माणसं बसतात. इथे नेटवर्क म्हणजे मांडव, डेमन म्हणजे वाढपी, लॉगिन केलेली डिस्क म्हणजे पान आणि माउंट केलेली फाईल सिस्टीम म्हणजे जेवणारा माणूस. उठताना सगळं नेमकं उलटं होतं. जेवणारा उठतो, पान उचललं जातं, वाढपी मोकळा होतो आणि मांडव शेवटी सुटतो. घरातल्या पोराटोरांनाही हा क्रम कळतो. संगणकाला तो सांगावा लागतो, आणि कितीतरी वर्षं तो फार कच्च्या पद्धतीने सांगितला जात होता.

ती पद्धत युनिक्स सिस्टीम फाइव्हमधून आली. ईटीसी फोल्डरातल्या इनिट.डी या जागी प्रत्येक सेवेची एक शेल स्क्रिप्ट असे. तिला ‘स्टार्ट’ म्हटलं की ती सेवा चालू करी, ‘स्टॉप’ म्हटलं की बंद करी. क्रम ठरे तो नावावरून. शेजारच्या फोल्डरांत या स्क्रिप्टांकडे बोट दाखवणारे दुवे ठेवलेले असत. दुव्याचं नाव एस किंवा के या अक्षराने सुरू होई, एस म्हणजे सुरू कर, के म्हणजे मार. पुढे दोन आकडे. एस२० आधी, एस२५ नंतर, साध्या अक्षरानुक्रमाने. डेबियनमध्ये पॅकेज बांधणाऱ्याने काहीच सांगितलं नाही, तर सुरू करण्यासाठी २० आणि थांबवण्यासाठीही २० हाच आकडा मिळे.

या दोन विसांपाशी मला थांबावंसं वाटतं. उलटा क्रम हवा असेल, तर जो आधी सुरू झाला त्याला थांबण्यासाठी मोठा आकडा हवा. दोन्हीकडे वीस याचा अर्थ थांबण्याच्या क्रमाचा वेगळा विचार कुणी केलेला नाही. वेब सर्व्हरसारख्या सेवेचं त्याने फारसं बिघडत नाही. एका सेकंदाने इकडे थांबला काय, तिकडे थांबला काय. डिस्क देणाऱ्या सेवेचं मात्र सगळंच बिघडतं. म्हणून स्टोरेजची पॅकेजं सांभाळणाऱ्यांना हे आकडे हाताने ठरवावे लागत. त्यांच्या आधी कोण, नंतर कोण हे आकडे दुसऱ्याच लोकांच्या पॅकेजांत असत, आणि त्यांतला एक बदलला की आपलं गणित चुके.

यावर उतारा म्हणून स्क्रिप्टच्या माथ्यावर एक ठरावीक मजकूर लिहायची पद्धत आली. टिपणासारख्या दिसणाऱ्या ओळींत स्क्रिप्ट स्वतःची ओळख देते. मी काय पुरवते, सुरू व्हायला मला काय लागतं, थांबताना माझ्यानंतर कोण टिकून राहायला हवं. नेटवर्क, घरच्या फाईल सिस्टीम, लांबच्या फाईल सिस्टीम, यांना ठरलेली नावं आहेत. मग एक प्रोग्रॅम सगळ्या स्क्रिप्टांच्या ओळखी वाचून क्रम स्वतः काढतो. डेबियनमध्ये ही पद्धत रुजवण्यात नॉर्वेच्या पेत्तर राइनहोल्टसेन यांचा मोठा हात होता, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत ती रूढ झाली. आकड्यांचा खेळ संपला. आता पॅकेज बांधणाऱ्याला आपल्या गरजा खऱ्या शब्दांत सांगता येऊ लागल्या.

गरज खरी सांगणंही सोपं नव्हतं. बहुतेक सेवा म्हणतात, सगळ्या फाईल सिस्टीम, लांबच्यासुद्धा, लागल्या की मग मी सुरू होईन. आयस्कझीला असं म्हणता येत नाही, कारण लांबची डिस्क आणून देणारी तीच. तिने ते वाक्य लिहिलं तर ती स्वतःचीच वाट पाहत बसेल. आणखी पुढे जा. यूएसआर हा फोल्डरच काही ठिकाणी लांबच्या डिस्कवर असे. मग डिस्क जोडणारा प्रोग्रॅम यूएसआरमध्ये ठेवून कसं चालेल? किल्ली कुलूपबंद खोलीतच राहील. म्हणून डेबियनच्या पॅकेजात आयस्कझीडी मुळाशी असलेल्या एसबिन फोल्डरात ठेवलेला होता. फोल्डर निवडणं ही सजावटीची बाब वाटते, पण त्यावर मशीन उठेल की नाही ते ठरत होतं.

आता पॅकेजकडे वळू. डेबियनचं पॅकेज म्हणजे फाईलींची पेटी आणि सोबत चार छोट्या स्क्रिप्टा. पेटी उघडण्याआधीची, उघडल्यानंतरची, काढण्याआधीची आणि काढल्यानंतरची. नवी स्थापना हा यातला सरळ रस्ता, कारण जुनं काहीच नसतं. खरी परीक्षा आवृत्ती बदलताना होते. जुन्या पॅकेजची ‘काढण्याआधीची’ स्क्रिप्ट चालते, नव्या फाईली जुन्यांच्या जागी येतात आणि शेवटी नव्या पॅकेजची ‘उघडल्यानंतरची’ स्क्रिप्ट चालते. पूर्वीची सर्वसाधारण रीत अशी, की पहिल्या टप्प्यावर सेवा थांबवायची आणि शेवटच्या टप्प्यावर पुन्हा चालू करायची. एकच पॅकेज बदलत असेल तर मधलं अंतर क्षणाचं. मात्र एका वेळी शंभर पॅकेजं बदलत असतील, तर आधी गठ्ठ्याने पेट्या उघडल्या जातात आणि मग गठ्ठ्याने शेवटच्या स्क्रिप्टा चालतात. हे अंतर कित्येक मिनिटांचं होऊ शकतं.

ही रीत जशीच्या तशी आयस्कझीला लावली आणि मशीनची मूळ डिस्कच आयस्कझीवर असली तर काय होईल ते बघा. जुन्या पॅकेजची स्क्रिप्ट सेवा थांबवते. थांबवताना ती सगळ्या टार्गेटांतून लॉगआउट करते. लॉगआउट होताच मूळ डिस्क नाहीशी होते. ज्या डिस्कवर नव्या फाईली उतरायच्या होत्या तीच गेली. पॅकेज बदलणारा प्रोग्रॅमही तिच्यावरच होता. शेलमध्ये साधी फाईलींची यादी मागितली तरी ती यादी देणारा प्रोग्रॅम सापडत नाही. बसल्या फांदीवर कुऱ्हाड ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

म्हणून या पॅकेजच्या स्क्रिप्टांत मला जे वाचायला मिळालं ते मुख्यतः काय करायचं नाही याचं होतं. टार्गेटांशी उघडलेली सगळी सेशनं सोडायची आज्ञा आली, तरी लॉगआउट करणारी स्क्रिप्ट आधी प्रत्येक सेशनमागे कोणती डिस्क आहे, ती कुठे माउंट आहे, हे शोधते. मूळ फाईल सिस्टीम ज्या सेशनवर उभी आहे, त्याला ती हात लावत नाही. बाकीच्या डिस्का आधी अनमाउंट करते आणि मगच लॉगआउट करते. जुन्या पद्धतीत शटडाउनच्या शेवटी एक स्क्रिप्ट उरलेल्या सगळ्या प्रक्रियांना मारत सुटे. तिच्यापासून वाचायचं असेल, तर एका ठरलेल्या फोल्डरात आपला प्रक्रिया क्रमांक नोंदवून ठेवावा लागे. आयस्कझीडीची स्क्रिप्ट सुरू होतानाच तिथे नोंद करून ठेवी. म्हणजे मरणाच्या वेळी कुणाला वगळायचं, ते जन्माच्या वेळीच लिहून ठेवलेलं.

रेडहॅट घराण्यातल्या आरपीएम पॅकेजांत क्रम वेगळा आहे आणि सापळाही वेगळा. तिथे आवृत्ती बदलताना नव्या पॅकेजची ‘नंतरची’ स्क्रिप्ट आधी चालते, आणि त्यानंतर जुन्या पॅकेजची ‘काढण्याआधीची’. या काढण्याच्या स्क्रिप्टला एक आकडा दिला जातो. पॅकेज कायमचं जात असेल तर शून्य, नवी आवृत्ती मागे उरणार असेल तर एक. हा आकडा न तपासता कुणी सेवा थांबवायची ओळ लिहिली, तर नवी आवृत्ती नीट सुरू झाल्यावर जुनं पॅकेज जाता जाता ती बंद करून जातं. आणि ही चूक लोकांच्या मशीनवर आधीच बसलेल्या पॅकेजात असते. उद्याच्या पॅकेजात कितीही काळजीने सुधारणा केली, तरी कालची स्क्रिप्ट एकदा चालणारच. म्हणून पॅकेज बांधणारा माणूस पुढच्या वेळचा विचार करून लिहितो. आज लिहिलेली थांबवण्याची ओळ कदाचित दोन वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या हातून चालणार असते.

काढून टाकण्याची गोष्टही अशीच. डेबियनमध्ये ईटीसीतल्या फाईली वापरणाऱ्याच्या मालकीच्या मानल्या जातात. त्याने त्यांत बदल केला असेल, तर नवी आवृत्ती त्याच्यावर गुपचूप बोळा फिरवत नाही, विचारते, आणि नुसतं एंटर दाबलं तर त्याचीच फाईल राखते. पॅकेज काढलं तरी या फाईली मागे राहतात. सेटिंगच्या फाईलीसाठी हे चांगलंच आहे. पण इनिट.डीतली स्क्रिप्टही ईटीसीतच असते. म्हणजे डेमन गेला आणि त्याला सुरू करणारी स्क्रिप्ट उरली. पुढच्या बूटला ती नसलेला प्रोग्रॅम शोधत बसायला नको, म्हणून या स्क्रिप्टांत सुरुवातीलाच एक ओळ असते: प्रोग्रॅम जागेवर नसेल तर गुपचूप, यशाचा शून्य देऊन बाहेर पड. ही ओळ पहिल्यांदा वाचताना मला निरर्थक वाटली होती. स्वतःच्या पॅकेजातला प्रोग्रॅम नाही, असं कसं होईल? होतं ते असं.

यशाचा शून्य ही गोष्ट जरा जवळून बघण्यासारखी आहे. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे काम झालं, बाकी कुठलाही आकडा म्हणजे काहीतरी अडलं. पॅकेजच्या स्क्रिप्टा बहुधा अशा लिहिलेल्या असतात, की मध्ये कुठेही शून्याव्यतिरिक्त आकडा आला की तिथेच थांबायचं. मग पॅकेज अर्धवट बसलेलं राहतं, आणि पुढे दुसरं कुठलंही पॅकेज बसवायला गेलं की याचं रडगाणं पुन्हा ऐकू येतं.

आता नवं कोरं मशीन घ्या आणि त्यावर ओपन-आयस्कझी बसवा. अजून एकाही टार्गेटची नोंद नाही. सेवा सुरू होते आणि आज्ञा देते, आपोआप जोडायच्या सगळ्या टार्गेटांत लॉगिन कर. नोंदच नाही म्हटल्यावर प्रोग्रॅम २१ हा आकडा परत देतो. अर्थ, काही सापडलं नाही. उत्तर प्रामाणिक आहे. तरी स्क्रिप्टने ते अपयश मानलं, तर प्रत्येक नव्या वापरणाऱ्याला पहिल्याच मिनिटाला तांबड्या अक्षरांत बिघाड दिसेल, आणि बिघाड तर काहीच नाही. दुसरी परिस्थिती अशी, की मूळ डिस्क आयस्कझीवर आहे आणि बूटच्या अगदी पहिल्या टप्प्यात तिचं लॉगिन झालेलं आहे. मग मुख्य सेवा सुरू होऊन तेच लॉगिन पुन्हा मागते. उत्तर येतं १५: सेशन आधीच आहे. हेही अपयश नाही.

सेवेच्या फाईलीत म्हणून सांगावं लागतं, की १५ आणि २१ हे आकडे आले तर सगळं ठीक समजावं. त्याच्या वर टिपणाच्या दोन ओळी असतात, हे आकडे कुठून येतात ते सांगणाऱ्या. मला या दोन ओळींबद्दल मनापासून आदर आहे. त्या लिहिण्यासाठी कुणीतरी रिकाम्या मशीनवर पॅकेज बसवून पाहिलेलं असतं, आणि मूळ डिस्क नेटवर्कवर असलेल्या मशीनवरही बसवून पाहिलेलं असतं.

नावाचीही एक गोष्ट आहे. आयस्कझीत प्रत्येक इनिशिएटरला जगात एकमेव असं नाव लागतं. नावात वर्ष-महिना, संस्थेचं डोमेन उलट्या क्रमाने आणि पुढे स्वतःची खूण. डेबियन मशीनच्या नावात वर्ष-महिना असतो तो १९९३-०८. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली, तो हा महिना. शेवटची खूण प्रत्येक मशीनवर वेगळी तयार व्हायला हवी. टार्गेट याच नावावरून ठरवतं, की कोणाला कोणती डिस्क द्यायची.

हे नाव कधी तयार करायचं? पहिलं उत्तर सुचतं ते पॅकेज बसवताना. आता सर्व्हर कसे तयार होतात ते आठवा. एक मशीन नीट बसवून त्याची प्रत काढतात आणि त्या प्रतीवरून पन्नास मशीन उठवतात. नाव बसवतानाच तयार झालं असेल, तर पन्नासही मशीनचं नाव एकच. दोन मशीन एकाच नावाने आणि एकाच सेशन खुणेने टार्गेटकडे आले, तर मानकाप्रमाणे टार्गेट समजतं की जुनाच माणूस जोडणी तुटल्यावर परत आला आहे. ते जुनं सेशन बंद करून नवं उघडतं. बाहेर फेकलेलं मशीन पुन्हा लॉगिन करतं, आणि आता दुसरं बाहेर पडतं. दोघं एकमेकांना ढकलत राहतात. टार्गेटने दोघांनाही आत घेतलं तर त्याहून वाईट, कारण एकच साधी फाईल सिस्टीम दोन मशीन आपापल्या समजुतीने लिहू लागतात आणि डेटाचा चिखल होतो. म्हणून डेबियनच्या पॅकेजात अशी सोय आहे, की नावाच्या फाईलीत ‘नाव तयार कर’ एवढीच नोंद ठेवता येते, आणि सेवा पहिल्यांदा उठण्याआधी एक तपासणीची स्क्रिप्ट ती नोंद पाहून नवं नाव लिहिते. प्रत काढणाऱ्याने ही नोंद ठेवायची आठवण मात्र ठेवली पाहिजे.

याच काळजीतून आणखी एक निवड झाली आहे. टार्गेटांचा शोध घेतल्यावर जे जे सापडतं, त्याची नोंद मूळ सेटिंगप्रमाणे ‘हाताने जोडायचं’ अशी होते. पुढच्या बूटला आपोआप लॉगिन होत नाही. डिस्क का दिसत नाही, म्हणून नवे लोक यावर बराच वेळ घालवतात. तरी मला ही निवड बरोबर वाटते. शोधात शेजारच्या मशीनची डिस्कही सापडू शकते. न विचारता तिच्यात शिरण्यापेक्षा एकदा स्पष्ट सांगून घेणं बरं.

मग इनिट.डीच्या जुन्या पद्धतीच्या जागी सिस्टमडी आलं. लेनर्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० साली ते पुढे आणलं. डेबियनच्या तांत्रिक समितीत यावरून मतं समसमान पडली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये अध्यक्षांच्या निर्णायक मताने ते स्वीकारलं गेलं. त्या वादात मी इथे शिरत नाही. स्टोरेजच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा, की ‘याच्यानंतर सुरू हो’ एवढं लिहिलं की थांबण्याचा क्रम आपोआप उलटा धरला जातो. दोन विसांची चूक आता करताच येत नाही.

नव्या चुका मात्र करता येतात. सिस्टमडीत नेटवर्कचे दोन टप्पे आहेत. पहिल्याचं नाव नुसतं ‘नेटवर्क’. त्याचा अर्थ नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू झाला एवढाच. पत्ता मिळाला, पलीकडे पोचता येतं, असा त्याचा अर्थ नाही. तो अर्थ ‘नेटवर्क ऑनलाइन’ या दुसऱ्या टप्प्याला आहे. पहिल्याचं नाव वाचून फसलेल्या सेवा मी मोजू शकणार नाही इतक्या पाहिल्या. गंमत म्हणजे थांबताना मात्र पहिलाच टप्पा पुरतो. त्याच्यानंतर सुरू झालेली सेवा त्याच्याआधी थांबते, तोवर जोडणी शाबूत असते.

दुसरी अडचण माउंटच्या यादीत आहे. एनएफएस लिहिलेलं दिसलं की सिस्टमडीला कळतं, हे नेटवर्कवरचं आहे. आयस्कझीवरची डिस्क मात्र साध्या ईएक्सटी४ नावाने यादीत असते. ती लांबची आहे हे ओळखायला काहीच मार्ग नाही. सिस्टमडी तिला घरची समजून नेटवर्कच्या आधीच शोधायला जातं, दीड मिनिट वाट पाहतं, आणि सापडली नाही की मशीनला आणीबाणीच्या शेलमध्ये नेऊन उभं करतं. त्या ओळीत ‘_नेटडेव्ह’ हा एक शब्द लिहिला की सगळं जागेवर येतं. बूटला डिस्क नेटवर्कनंतर लागते आणि शटडाउनला नेटवर्कच्या आधी सुटते. माझ्या त्या सर्व्हरवर पॅकेज बसवल्यानंतर मला हाताने लिहावा लागला तो एवढाच शब्द.

एक गाठ उरतेच. मूळ डिस्कच नेटवर्कवर असेल, तर ती अनमाउंट कधी करायची? ती सोडवणारा प्रोग्रॅमही तिच्यावरच बसलेला असतो. सिस्टमडीने यासाठी एक खूण ठरवली आहे. मूळ डिस्क सांभाळणारा डेमन बूटच्या पहिल्या टप्प्यात, मेमरीत तात्पुरत्या उभ्या केलेल्या छोट्या फाईल सिस्टीमवरून सुरू होतो आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे ‘@’ हे चिन्ह ठेवतो. शटडाउनच्या शेवटी उरलेल्या प्रक्रियांना मारताना सिस्टमडी हे चिन्ह पाहतं आणि त्या प्रक्रियेला सोडून पुढे जातं. मग बाकी सगळं संपल्यावर नियंत्रण पुन्हा त्या मेमरीतल्या छोट्या फाईल सिस्टीमकडे जातं, जिथून सकाळी सुरुवात झाली होती. तिथून मूळ डिस्क अनमाउंट होते, शेवटचं लिखाण नेटवर्कवरून पलीकडे पोचतं, सेशन बंद होतं, डेमन थांबतो. नेटवर्क कार्डाचा दिवा विझतो तो त्यानंतर.